अंधाराची राखण
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्यापैकी अनेकांची गावी घरे-जमिनी आहेत. तेथे पर्यटकनिवास काढावा, असा विचार तरुण मंडळींच्या मनात घोळत आहे. राज्य शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण स्वीकारल्यापासून त्यास बळही आले आहे. हा उद्योग चांगलाच आहे. मात्र आपण विकणार काय, याचा विचार आधी व्हावा.

अशा निवासांच्या जाहिराती पाहाव्यात. त्यांत खोल्यांपेक्षा डोंगर, धुके व चांदणे यांचेच वर्णन अधिक. खोली मालकाने बांधलेली असते, डोंगर नव्हे. जे आपण निर्मिले नाही, त्याच्या बळावर आपण गिऱ्हाईक बोलावतो. मग त्याची राखण कोणी करावयाची?

अहिल्यानगर जिल्ह्यातील भंडारदऱ्याचे उदाहरण घेऊ. तेथे मृगाच्या सुमारास झाडे काजव्यांनी लखलखतात. 'काजवा महोत्सव' अशा जाहिराती होतात व शहरांतून मोटारींची रीघ लागते. परंतु काजवा आपल्या मनोरंजनार्थ चमकत नाही; ती नराने मादीस घातलेली साद असते. मोटारींच्या व विजेऱ्यांच्या झोतात ती साद हरवते. अंधार पाहावयास आलेला पाहुणाच अंधार नाहीसा करतो!

याउलट माथेरानला पर्यटकांच्या मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. २००३ साली तो परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला. मोटारींवरील हे बंधनच त्या गावाचे भूषण ठरले आहे.

आता घरचीच गोष्ट सांगतो. माझ्या पुतण्याने गावी चार खोल्या बांधल्या व परसात प्रखर दिवे लावले. पाहुणे आले, पण ज्या ऐनावर आम्ही बालपणी काजवे मोजत असू, तो त्या वर्षी काळाच राहिला. पुतण्यास मी बोल लावला नाही. कारण दिव्यांचा सल्ला माझाच होता.

म्हणून विनंती इतकीच, की अंगणातील दिवे मंद व खाली वळवलेले असावेत, काजव्यांच्या दिवसांत ते मालवावेत, आणि ही गोष्ट जाहिरातीत अभिमानाने लिहावी. जाणता पाहुणा ती वाचूनच येईल. वाडवडिलांनी जमिनीबरोबर तिच्यावरचा अंधारही आपल्या हाती सोपविला आहे. तो पुढील पिढीस जसाच्या तसा द्यावा, एवढे सांगून आपली रजा घेतो.