टर्बोच्या ट्रॅक्टरला मिथेनॉलचा फवारा बसवावा का?



मागच्या गळीत हंगामात ऊस वाहणाऱ्या एका तरुण शेतकऱ्यानं मला विचारलं, "साहेब, मेकॅनिक म्हणतो टर्बोला मिथेनॉलचा फवारा बसवतो आणि पंप वाढवून देतो. चढाला दोन ट्रेलर सहज निघतील. करू का?" मी तिथंच नको म्हणालो. पण नुसत्या 'नको'नं समाधान होत नाही, म्हणून कारण सांगतो.

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर टर्बोचं एक चाक फिरतं आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. सायकलला हवा भरताना पंप तापतो ना, तशी ही दाबलेली हवाही तापते आणि विरळ होते. तिच्यात पाणी-मिथेनॉलचे बारीक तुषार सोडले तर त्यांची वाफ होताना हवा गार होते. माठाचंच तत्त्व हे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन लढाऊ विमानांत निम्मं मिथेनॉल, निम्मं पाणी असं मिश्रण वापरीत. तेही एका वेळी साधारण १० मिनिटंच.

आता नोझल कुठं बसवायची? टर्बोच्या आधी बसवली तर थेंब पात्यांवर आदळतात. हे चाक मिनिटाला लाखभर फेरे घेतं. त्या वेगात थेंबही वाळूच्या कणासारखा लागतो, पात्यांच्या कडा झिजतात. टर्बोच्या पुढं पण इंटरकूलरच्या आधी बसवली तर न उडालेलं पाणी इंटरकूलरच्या तळाशी साचतं. म्हणून जाणकार ती इंटरकूलरच्या पुढं बसवतात. पण तिथंही ती मॅनिफोल्डला फार चिकटून असेल तर वळणावर हवा वळते आणि थेंब सरळ जातो. मग एका सिलिंडरला जास्त, दुसऱ्याला कमी. एक वाफा तुंबलेला आणि शेजारचा कोरडा, अशी गत होते.

शिवाय मिथेनॉल नुसतं गार करीत नाही, स्वतः जळतंही. सिलिंडरमधला दाब वाढतो आणि हेड गॅस्केटवर ताण येतो.

सगळ्यात मोठा धोका पंप वाढवण्याचा. फवारा चालणारच असं धरून डिझेल वाढवलं आणि भर चढावर मिथेनॉलची टाकी संपली किंवा नोझल चोंदली, तर डिझेल तेवढंच पडतं, गारवा मात्र नाही. पिस्टन वितळायला मग वेळ लागत नाही. अमेरिकेत १९६२ साली ओल्ड्समोबिल कंपनीनं 'जेटफायर' ही टर्बोची मोटार काढली. तिला पाणी-मिथेनॉलची वेगळी टाकी होती; ती रिकामी झाली तर टर्बोचा दाब आपोआप कमी करण्याची सोयही होती. तरी मालक टाकी भरायला विसरत आणि गाडी ओढत नाही म्हणून तक्रार करीत. शेवटी कंपनीनं कित्येक गाड्यांचा टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून दिला. हे झालं कारखान्यातून बसवून आलेल्या यंत्राचं. मेकॅनिकनं बसवलेल्या फवाऱ्याला तर अशी सोयही नसते.

आणि घरात मिथेनॉलचा कॅन ठेवणार कुठं? दोन चमचे पोटात गेले तरी डोळे जाऊ शकतात. २०१५ साली मुंबईत मालवणीला मिथेनॉलमिश्रित दारूनं शंभराहून अधिक माणसं दगावली. पेटलं तर दिवसाउजेडी ज्योतही नीट दिसत नाही.

त्या तरुणाच्या ट्रॅक्टरचा एअर फिल्टर आम्ही उघडला. फुफाट्यानं गच्च भरलेला! टर्बोकडून मॅनिफोल्डकडे जाणाऱ्या रबरी नळीचा क्लॅम्पही ढिला होता, हवा तिथूनच निसटत होती. फिल्टर बदलला, क्लॅम्प आवळला, काळा धूर कमी झाला आणि ओढ परत आली. दोन ट्रेलर ब्रेकला पेलतात का, हे त्यानं विचारलं नव्हतं. मी मात्र सांगून टाकलं, की उतारावर पेलणार नाहीत.

आणखी एक. ओझं ओढून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नका, दोन-तीन मिनिटं मंद चालू द्या. टर्बोच्या बेअरिंगला ऑईल मिळत राहतं आणि ते आत जळून चिकटत नाही.