बरोबरच्या आधीची दोन टिंबे

(सारसोळे येथील हिवाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



सारसोळ्यात येऊन भरतीचा हिशेब सांगायचा म्हणजे धाडसच. पाम बीच रस्त्यापलीकडच्या जेट्टीवर ज्यांची होडी लागते, त्यांना तिथीची पाऊणपट तोंडपाठ असते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून भरती तीनच्या सुमारास; अष्टमीला सहाला. खरे तर दर तिथीला भरती सुमारे ४८ मिनिटे पुढे सरकते, आपले सूत्र ४५ धरते, आणि खाडीत पाणी चढायला वेळ लागतो तो वेगळाच. तोंडी हिशेबाला एवढे चालते.

आता हेच सूत्र मॅथेमॅटिकाला सांगू. अक्षरांचे बीजगणित करणारे हे सॉफ्टवेअर १९८८ साली आले. आज चतुर्थी आहे, म्हणून आधी तिथी = ४ असे लिहिले. मग भरती = ३/४ × तिथी. उत्तर आले ३. चार दिवसांनी तिथी = ८ केली आणि भरती विचारली, तरी उत्तर ३च! यंत्र बिघडलेले नाही. नुसते बरोबरचे चिन्ह दिले की ते उजवी बाजू तिथल्या तिथे सोडवते आणि फक्त उत्तर साठवते. सूत्र गेले, तीन उरले. बरोबरच्या आधी दोन टिंबे देऊन := लिहिले असते, तर सूत्र जसेच्या तसे राहिले असते आणि विचाराल तेव्हा नव्या तिथीने सुटले असते.

यावरून शिकवणीत एक सोपा नियम सांगतात: फल (फंक्शन) लिहिताना नेहमी := वापरा. मला तो अर्धाच पटतो. फळ्याकडे बघा.

फ[क्ष_] := डी[क्ष^३, क्ष]

म्हणजे क्षच्या घनाचे विकलन. आता फ[२] मागा. यंत्र आधी प्रत्येक क्षच्या जागी २ घालते आणि मग विकलन करू पाहते: ८चे विकलन, २च्या सापेक्ष! २ हे चल नाही, असे सांगून ते हात वर करते. इथे नुसते = हवे. मग विकलन आधीच होते, ३क्ष^२ साठवले जाते आणि उत्तर १२ येते. पण त्यातही मेख आहे. सकाळी कुठेतरी क्ष = ५ लिहून विसरला असाल, तर फ[क्ष_] = क्ष^३ लिहिताच उजवीकडे १२५ होतात, आणि पुढे फ[२] काय, फ[१००] काय, सगळे १२५. चूक झाल्याचा इशाराही येत नाही, म्हणून ही चूक मला पहिलीपेक्षा वाईट वाटते.

एमआयटीतल्या १९६८च्या मॅकसिमा (Macsyma) प्रकल्पातून आलेल्या आणि फुकट मिळणाऱ्या मॅक्सिमा या सॉफ्टवेअरमध्ये := थांबून सोडवते आणि आधी सोडवून ठेवायला डिफाइन हा वेगळा आदेश आहे. ही सोय मला जास्त प्रामाणिक वाटते. टिंबांच्या एका जोडीवर सगळा भार नाही.

थांबण्याची किंमतही मोजावी लागते. मागच्या दोन संख्यांची बेरीज म्हणजे पुढची, ही हेमचंद्र-फिबोनाची माळ := ने सरळ लिहिली, तर तिसावी संख्या काढायला फल १६,६४,०७९ वेळा बोलावले जाते, कारण तीच बेरीज पुन्हा पुन्हा होते. फ[न_] := फ[न] = फ[न-१] + फ[न-२] असे दोन्ही चिन्हे एकाच ओळीत लिहिले, की काढलेले प्रत्येक उत्तर साठवले जाते आणि हे काम चुटकीसरशी होते. भरतीचेही तसेच होते. अचूक भाकीत म्हणजे अनेक लहरींची किचकट बेरीज. म्हणून १८७९ साली एडवर्ड रॉबर्ट्स यांनी हिंदुस्थानातल्या बंदरांसाठी खास यंत्र बनवले आणि पुढच्या भरत्यांचे तक्ते आधीच काढून छापता येऊ लागले.

कचेरीतल्या मंडळींना सूत्र कधी सुटते याचा हा घोळ ठाऊक असेल. एक्सेलमधल्या पत्रावर तारखेच्या जागी टुडेचे सूत्र टाकतात. तीन महिन्यांनी फाइल उघडावी, तर पत्रावर आजची तारीख! तिथे तारीख लिहिल्या दिवशीच गोठायला हवी होती.

विद्यार्थ्यांना एवढेच सांगतो: व्याख्या लिहिली की ती साठवली कशी गेली ते लगेच पाहा. मॅथेमॅटिकात प्रश्नचिन्ह देऊन फलाचे नाव लिहा, मॅक्सिमात फंडेफ वापरा. आणि = वापरण्याआधी सूत्रातले चल अक्षर क्लिअर करा.