गाव सोडलं, माती का सोडावी?

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



मला आज भाजीपाल्यावर बोलायचं आहे. विहारामागची मोकळी जागा आणि ज्यांच्या घरावर स्लॅब आहे त्यांच्या गच्च्या, इथे सर्वांनी मिळून भाजी लावावी असा विषय महिला मंडळात निघाला. तेव्हा एक आजी म्हणाल्या, "काहून बाप्पा, जिंदगीभर दुसऱ्याच्या वावरात निंदलं, कापूस येचला. पोरं शयरात आणली ते काय पुन्हा माती उकराले?" सगळ्या हसल्या. पण हे बोलणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. अकोला असो की अमरावती, आपल्या वस्तीतली कितीतरी घरं अशीच आलेली आहेत. वावर दुसऱ्याचं, घाम आपला. मातीचा राग येणं साहजिक आहे. पण राग मातीवर धरायचा, की ती कधी आपल्या नावावर नव्हती याचा?

बाबासाहेबांनी १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केलं. शेती हा राज्याचा उद्योग असावा, जमीन जातपात न पाहता गावकऱ्यांना द्यावी, त्यांनी ती सामुदायिकपणे कसावी. जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर असं कोणी उरू नये, अशी त्यात मांडणी आहे. ती घटनेत आली नाही. पुढे ऑक्टोबर १९६४ मध्ये रिपब्लिकन पक्षाने पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना मागण्यांची सनद दिली आणि ६ डिसेंबरपासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. हजारो माणसं तुरुंगात गेली. आपण त्याला भूमिहीनांचा सत्याग्रह म्हणतो, ते बरोबरच आहे. पण सनद नीट वाचा. पडीत जमीन भूमिहीनांना द्या, ही मागणी आहे. तिला लागूनच धान्याचं पुरेसं वाटप करा, वाढत्या किमती आवरा, ही मागणी आहे. आणि तिच्यानंतर झोपडपट्टीत राहणाऱ्यांची स्थिती सुधारा, ही. जमीन, धान्य आणि शहरातली वस्ती, तिन्ही एका कागदावर! आपणच नंतर त्यांची फारकत केली.

आज २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य गटात माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदयच्या घराला ३५ किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३ पासून फुकट. ही भीक नाही, हक्क आहे. ज्यांचं नाव कार्डातून गळालं त्यांचे अर्ज विहारातल्या शिकलेल्या पोरांनी भरून द्यावेत. पण त्या पिशवीत बहुतेक करून गहू आणि तांदूळ. हिरवी भाजी बाजारातूनच आणावी लागते. हातावर पोट असलेल्या घरात भाव चढले की पहिली काट भाजीवर, आणि त्यातही सर्वांच्या शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटातली भाजी आधी जाते. वावरातून परतणाऱ्या बायकांच्या ओटीत तरोटा, चिवळ, घोळ, अंबाडीचा पाला असायचा. शहरात आल्यावर हातात पैसा थोडा आला आणि ओटीतला पाला गेला.

एका गच्चीनं कोणाचं पोट भरत नाही, असं म्हणणाऱ्याला मी खोटं पाडणार नाही. पण आठवड्यातून दोन-तीनदा पालेभाजी ताटात आली तरी वाढत्या वयाच्या मुलींना आणि गरोदर बाईला ती हवीच आहे.

अडचणी आहेत. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी खारं. ते रोज घातलं तर मातीवर पांढरा थर येतो आणि रोप करपतं. तिथं पावसाचं पाणी साठवावं, तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी वापरावं. उन्हाळ्यात आपली गच्ची म्हणजे तवा. म्हणून सुरुवात मृगाचा पाऊस पडल्यावर करा. उन्हाळ्यात हिरवी जाळी बांधा, नाहीतर सरळ दोन महिने सुट्टी द्या. नुसती काळी माती डब्यात भरू नका, सुकली की दगड होते. निम्मं कुजलेलं शेणखत, थोडी रेती घाला. तेलाचा डबा, फुटकी बादली काहीही चालते, फक्त बुडाला भोकं पाडा. पालक, मेथी महिनाभरात हाती येते, सांभार दीडेक महिन्यात. कुंपणाला शेवगा लावा. दारात शेवगा नको म्हणणारे आहेत, पण विहाराच्या दारात तरी असल्या समजुती नकोत. माहिती लागली तर अकोल्याचं कृषी विद्यापीठ १९६९ पासून आपल्या उशाशी आहे. त्याला ज्यांचं नाव आहे ते पंजाबराव अमरावतीच्या अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या वेळी आपल्या माणसांच्या बाजूने उभे राहिले होते. तिथं जायला आपण का बिचकावं?

खरा प्रश्न वाटणीचा आहे. "ज्यानं पाणी घातलं त्याची भाजी," हा हिशेब ऐकायला सरळ वाटतो. पण जी बाई सकाळपासून चार घरची धुणीभांडी करते, ती पाणी घालायला येणार केव्हा? या हिशेबात तिच्याच वाट्याला काही येणार नाही, आणि गरज तिलाच जास्त. माझं मत असं, की वाटणी घरातली माणसं मोजून व्हावी, गरोदर बाई आणि लहान लेकरं असलेल्या घराचा वाटा आधी निघावा. कामाची पाळी ज्याला जमेल तशी. पाळी चुकली म्हणून वाटा कापू नये. वहीत नाव सर्वांचं एकसारखं लिहावं. गरीब म्हणून वेगळी यादी करू नये, नाहीतर माणूस लाजेनं येणारच नाही. याला विरोध होईल, मला ठाऊक आहे. तो समोर बसून करावा.

रविवारी वंदनेनंतर मागची जागा मोजायची आहे. दोरी आणि टिकाव मंडळाकडे आहेत, रिकामे डबे ज्याने त्याने आणावेत. जय भीम.