आप्पांचा रिपोर्ट आणि समुद्रातला चिखल
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मी कॉम्प्युटरवर बोलेन असं संयोजकांना वाटलं असणार. थोडं बोलेनही, पण सुरुवात शाळेसमोरच्या आमच्या दुकानापासून करते. आप्पांकडून तुम्ही सगळ्यांनी वह्या, रिफिली घेतल्यात. काहींची उधारी अजून बाकी आहे!

आप्पा चार वर्षांपूर्वी गेले. प्रोस्टेटचं ऑपरेशन नीट झालं, पण नंतर लघवीतला जंतुसंसर्ग रक्तात पसरला. कल्चर रिपोर्ट माझ्याच हातात आला. औषधांची यादी आणि प्रत्येकापुढे एक अक्षर. ‘एस’ म्हणजे औषध चालेल, ‘आर’ म्हणजे जंतू दाद देणार नाही. सेफिक्झिम, सेफ्ट्रायाक्सोन, सगळ्या ‘सेफ’पुढे ‘आर’. नवव्या दिवशी सगळं संपलं.

बिघाड झाला की मुळापर्यंत जायचं, ही माझ्या धंद्यातली सवय. ही ‘सेफ’ औषधं आली कुठून, हे शोधत गेले आणि पोचले समुद्रावर. इटलीच्या सार्डिनिया बेटावर कॅग्लियारी नावाचं शहर आहे. तिथे जुझेप्पे ब्रोत्झू या प्राध्यापकांनी १९४५ साली, शहराचं सांडपाणी समुद्राला मिळतं तिथलं पाणी तपासलं. त्यात एक बुरशी सापडली. तिच्यातला पदार्थ टायफॉइडचे जंतू मारत होता. पुढचं काम ऑक्सफर्डला झालं आणि या घराण्यातलं पहिलं औषध बाजारात यायला १९६४ उजाडलं. एका औषधाला जवळजवळ वीस वर्षं!

हा शोध आजही चालू आहे. बाई, नववीत तुम्ही आम्हाला भाट्याच्या किनाऱ्यावर नेलं होतंत आणि मूठभर चिखल दाखवून म्हणाला होतात, “यात एक गावच राहतं.” त्या गावात जागा आणि अन्न थोडं, म्हणून काही जिवाणू शेजाऱ्याला रोखणारी रसायनं बनवतात. शास्त्रज्ञ समुद्रतळाचा तसाच चिखल आणून त्यातले जिवाणू वाढवतात आणि त्यांची रसायनं तपासतात. अडचण अशी की पुष्कळदा जुनंच औषध पुन्हा हाती लागतं.

इथे आमचा कॉम्प्युटर उपयोगी पडतो. जिवाणूचा जीनोम म्हणजे चार अक्षरांत लिहिलेली लांबलचक फाइल. सॅलिनिस्पोरा ट्रॉपिका या सागरी जिवाणूची फाइल सुमारे ५२ लाख अक्षरांची आहे. २००७ साली ती वाचून झाली, तेव्हा तिच्यात अशी रसायनं बनवण्याच्या १७ कृती सापडल्या. अँटीस्मॅश नावाचं मोफत सॉफ्टवेअर या कृती हुडकतं. आप्पा गेल्यावर एका रात्री मी ते चालवून पाहिलं. यादी लगेच आली, पण कृती म्हणजे जेवण नव्हे. तो जिवाणू प्रयोगशाळेत ते रसायन बनवेल का, ते जंतूला मारेल आणि माणसाला सोसेल का, हे पडद्यावर कळत नाही. कॅलिफोर्नियाच्या समुद्रातल्या जिवाणूपासून मिळालेलं अँथ्रासिमायसिन २०१३ साली जाहीर झालं. प्रयोगात ते दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकसलाही मारतं. पण अजून ते औषध म्हणून दुकानात मिळत नाही.

२०१९ मध्ये जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं थेट अशा जंतूंमुळे गेली, असा अंदाज आहे. त्यांतला एक जंतू आमच्या घरी आला. नवं औषध यायला वीस वर्षं लागणार असतील, तर आहे ते जपून वापरायला हवं. आप्पा स्वतः सर्दी झाली की केमिस्टकडून दोन गोळ्या आणायचे, बरं वाटलं की बंद करायचे. मीही त्यांना कधी अडवलं नाही. त्यामुळेच झालं असं कुणी सांगू शकणार नाही, पण तो विचार मनातून जात नाही.

म्हणून आज एवढंच मागते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय अँटिबायोटिक घेऊ नका, आणि सांगितलं तर सांगितलं तितकं पूर्ण घ्या. आप्पांची उधारी फिटली असं मी समजेन.