पुलाची वाट आणि पथकर

मुंबई हे मुळी बेटांचे शहर. येथील रहदारीचा इतिहास म्हणजे बांधांचा आणि पुलांचाच इतिहास होय. पूल आला की त्याच्या मागोमाग एक प्रश्नही येतो : त्याचा खर्च कोणी सोसावयाचा?

माहीम आणि वांद्रे यांच्यामधील खाडी ओलांडावयास एके काळी होडीवाचून गती नव्हती. पावसाळ्यात तो प्रवास जिवावरचा असे. सरकार खर्चास तयार होईना. तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले, आणि १८४५ साली माहीमचा मार्ग खुला झाला. देणगीस त्यांची अट एकच होती : या वाटेवर सरकारने कर घेऊ नये.

योगायोग असा की, त्याच सुमारास, १८४४ साली, झ्यूल द्युप्यूई या फ्रेंच अभियंत्याने पुलावरील कराचा शास्त्रीय विचार मांडला. पूल एकदा बांधून झाला आणि त्यावर गर्दी नसली, तर आणखी एक माणूस गेल्याने खर्च वाढत नाही. करामुळे तो माणूस अलीकडेच थबकला, तर मात्र पुलाचा तेवढा उपयोग वाया जातो. आवाबाईंची अट केवळ दयाबुद्धीची नव्हती. तिच्यात व्यवहारही होता.

पण पुलावर गर्दी असेल तर? तेथे न्याय बदलतो. प्रत्येक नवी मोटार मागच्या सर्वांचा वेळ खाते. सिंगापूरने १९७५ साली शहराच्या मध्यभागी गर्दीच्या वेळी शिरणाऱ्या मोटारींवर शुल्क बसविले. लंडनने २००३ साली तोच मार्ग धरला. दोन्हीकडे बसगाड्यांना सूट होती. हा कर बांधकामाचा खर्च वसूल करण्यासाठी नव्हे, तर रस्ता मोकळा राखण्यासाठी होता.

मुंबईत या दोन हेतूंची गल्लत झाली. शहरातील उड्डाणपुलांचा खर्च भरून काढण्यासाठी दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली आणि वाशी अशा पाच वेशींवर पथकर नाके उभे राहिले. कर सकाळी तेवढाच आणि मध्यरात्रीही तेवढाच. रहदारी आवरणे दूरच राहिले, उलट नाक्यापाशीच गाड्यांच्या रांगा लागू लागल्या. अखेर १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून हलक्या वाहनांना तेथे कर माफ झाला. नाक्यावरील खोळंबा कमी झाला, हे खरे. परंतु कर गेला म्हणून शहरातील रस्ते रुंद होत नाहीत आणि मोटारीही घटत नाहीत.

आता समुद्रावरील पुलांकडे पाहावे. वांद्रे–वरळी सागरी सेतू २००९ साली खुला झाला, तर शिवडी–न्हावाशेवा हा सुमारे बावीस किलोमीटरचा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये. या दुसऱ्या पुलावर आरंभी मोटारीस एका फेरीचे २५० रुपये आकार ठरला. दोन्ही पुलांवर दुचाकी आणि रिक्षा यांना मज्जाव आहे. म्हणजे होडीतून जाणाऱ्या ज्या सामान्य उतारूंसाठी आवाबाईंनी पैसे दिले, त्यांच्या आजच्या वारसांना हा पूल बसगाडीवाचून गाठता येत नाही.

तेव्हा पथकर असावा की नसावा, एवढाच वाद घालून भागणार नाही. तो खर्चासाठी असेल, तर किती जमले आणि किती उरले याचा हिशेब लोकांपुढे असावा व फेड होताच तो थांबावा. तो गर्दीसाठी असेल, तर गर्दीच्या वेळीच घ्यावा आणि त्याचा पैसा बसगाड्यांकडे व लोकलकडे वळवावा. माहीमच्या मार्गाने पहिल्या दिवसापासून पायी चालणाऱ्यालाही पलीकडे नेले. पूल कोणताही असो, त्यावरून किती मोटारी गेल्या यापेक्षा किती माणसे गेली, याच मापाने तो मोजावयास हवा.