आखूड नळीचें मोल



जन्मभर मुलांस गणित व सृष्टिविज्ञान शिकविणाऱ्या एका वृद्ध मास्तरानें पिस्तुलाच्या नळीविषयीं बोलावें, याचें आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. परंतु हा प्रश्न माझ्या घरांतच उभा राहिला. माझा मुलगा अमेरिकेंत टेक्सास राज्यांत नोकरीस आहे. मी त्याच्याकडे गेलों असतां, घराच्या रक्षणासाठीं एक आखूड शस्त्र घ्यावें असें त्याच्या मनानें घेतलें, व तो मला दुकानांत घेऊन गेला. आपल्याकडे असलें हत्यार सामान्य गृहस्थास मिळत नाहीं. तेथें तें दुकानाच्या भिंतीवर उघडें टांगलेलें असतें. दुकानदारानें एआर-१५ या रायफलीच्या धर्तीचीं दोन पिस्तुलें पुढें ठेविलीं. एकाची नळी साडेसात इंचांची, दुसऱ्याची साडेअकरा. मुलानें धाकटें उचललें व तो म्हणाला, "बाबा, हेंच बरें. हाताला सुटसुटीत, आणि लहान कपाटांतहि मावेल." मीं विचारलें, "अरे, पण हे चार इंच कापल्याचें मोल काय?" त्याचें उत्तर त्याच्यापाशीं नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर माझ्यापाशींहि पुरतें नव्हतें. तें शोधण्यांत माझे पुढील आठ दिवस गेले.

प्रथम, रायफलीसारख्या दिसणाऱ्या या वस्तूस पिस्तूल कां म्हणावयाचें तें पाहूं. अमेरिकेंत १९३४ सालीं एक कायदा झाला. खांद्यास टेकावयाचा दस्ता असलेल्या रायफलीची नळी ठराविक मापाहून आखूड असेल, तर त्या कायद्यानें तिची सरकारांत नोंद करून २०० डॉलर कर भरावा लागे. हें माप प्रथम १८ इंच होतें. १९६० सालीं तें १६ इंच झालें. तो कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आला, नोंद मात्र राहिली. मुळापासूनच खांद्याच्या दस्त्याशिवाय घडविलेलें शस्त्र हें पिस्तूल समजलें जातें व या मापाच्या बंधनांतून सुटतें. म्हणून कारखानदार त्याची नळी हवी तितकी आखूड करूं शकतात. ही सवलत कायद्याची आहे. सृष्टीचे नियम अशी सवलत कोणासहि देत नाहींत.

काडतुसांतील दारू पेटली म्हणजे तिचा तप्त वायु होतो व तो गोळीस पुढें रेटतो. गोळी नळींत असेपर्यंतच हें रेटणें परिणामकारक चालतें. ५·५६ मिलिमीटरचें काडतूस लष्करी रायफलीच्या २० इंची नळीसाठीं बेतलेलें आहे. त्या नळींतून ५५ ग्रेन वजनाची गोळी सेकंदास सुमारें ३,२०० फूट वेगानें निघते. साडेअकरा इंची नळींतून तोच वेग २,८०० च्या आसपास, आणि साडेसात इंचींतून २,३०० च्या आसपास येतो. आतां शाळेंतलें गणित आठवावें. गोळीची शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. म्हणजे मधल्या नळींत मूळ शक्तीच्या सुमारें तीन चतुर्थांश उरते, आणि आखूड नळींत जेमतेम निम्मी. ही गोळी वजनानें अगदीं हलकी. तिचा सारा भरंवसा वेगावर. तोच गमावल्यावर तिच्यापाशीं फारसें कांहीं उरत नाहीं.

मग उरलेली शक्ति जाते कोठें? ती नळीच्या तोंडाशीं ज्वाला आणि आवाज होऊन बाहेर पडते. हा अनुभव नवा नव्हे. १९४४ सालीं इंग्रजांनीं जंगलांतील लढाईसाठीं ली-एनफील्ड रायफल हलकी करून तिची सव्वापंचवीस इंची नळी पावणेएकोणीस इंचांवर आणिली. तिचा जाळ इतका वाढला कीं तोंडावर फनेलासारखें टोपण बसवावें लागलें, आणि धक्का सोसावा म्हणून दस्त्यास रबराची गादी लावावी लागली. पुढें व्हिएटनामच्या युद्धांत अमेरिकनांनीं १० इंची नळीची छोटी रायफल काढिली. तिच्याहि तोंडावर जाळ व आवाज कमी करणारें लांबट नळकांडें बसवावें लागलें. आणि पुढच्या आवृत्तींत नळी दीड इंचानें वाढवून साडेअकरा इंच केली.

आणखी एक गोष्ट यंत्राची. या शस्त्रांत नळीच्या एका छिद्रांतून थोडा वायु मागें घेऊन त्याच्या जोरावर पुढचें काडतूस चढविलें जातें. साडेअकरा इंची नळींत हें छिद्र साधारण सातव्या इंचाशीं असतें, व पुढें चार इंच नळी उरते. तेवढा वेळ दाब टिकून यंत्र नीट चालतें. साडेसात इंचींत छिद्र चौथ्या इंचाशीं आणावें लागतें. तेथें वायूचा दाब फार उग्र असतो. त्यानें यंत्राचे भाग लवकर झिजतात, आणि काडतूस बदललें कीं चालहि बिघडते.

यावरून, आखूड नळी घेऊंच नये असें मात्र नव्हे. आखूडच हवी असेल तर काडतूस तिच्याजोगें निवडावें. .३०० ब्लॅकआउट या नांवाचें काडतूस २०११ सालीं प्रमाणित झालें. त्याची दारू लवकर जळणारी असल्यामुळें नऊ इंची नळींतच तिचें बहुतेक काम होऊन जातें. ९ मिलिमीटरचें काडतूस तर मुळांत चार-पांच इंची पिस्तुलासाठींच जन्मलें. तात्पर्य, आधीं काडतूस ठरवावें व मागाहून नळी. नळी पाहून काडतूस घेणें म्हणजे जोडा पाहून पाय कापणें होय.

हें सारें मीं मुलास कागदावर मांडून दाखविलें. तो आंकडे पाहून मान डोलावी, पण मन त्या छोट्या पिस्तुलावरून हटेना. तेव्हां मीं त्यास आजवर न सांगितलेली एक गोष्ट सांगितली. ऐन तारुण्यांत एका शिबिरांत मीं .३०३ रायफल चालविली होती. कानांत बोळा घालणें मला तेव्हां भित्रेपणाचें वाटलें. त्या दिवसापासून रात्रीं सामसूम झाली म्हणजे माझ्या डाव्या कानांत रातकिडा ओरडूं लागतो. आज चाळीस वर्षांवर होऊन गेलीं, तो थांबलेला नाहीं. ती नळी पंचवीस इंचांची होती, आणि वर मोकळें आकाश होतें. अशा क्षणिक आवाजाची सुरक्षित मर्यादा १४० डेसिबेल मानतात. या शस्त्रांचा आवाज १६० च्या वर जातो, व नळी आखूड केली कीं आणखी चढतो. बंद खोलींत तो भिंतींवर आदळून परत येतो. "चोराचें काय व्हावयाचें तें होवो," मी म्हणालों, "पण भिंतीपलीकडे तुझी मुलगी निजलेली असते."

तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्यानें दुकानदारास साडेसात इंची नको म्हणून कळविलें. शस्त्र घ्यावें कीं न घ्यावें, याचा विचार त्यानें पुढें ढकलला आहे. घेतल्यास नळी साडेअकरा इंचांहून कमी नसेल, कुलपाची पेटी व कानटोपें आधीं घरांत येतील, एवढें त्यानें मला वचन दिलें आहे.

माझी नात चार वर्षांची आहे. गुपित सांगावयाचें असलें म्हणजे ती नेमकी माझ्या उजव्या बाजूस येऊन बसते. डाव्या कानास तें ऐकूं येत नाहीं, हें तिला कोणीं शिकविलेलें नाहीं. इतकें सांगून आपली रजा घेतों.