पंचांची जागा

वेंगुर्ल्याच्या कॅम्प मैदानावर कबड्डीचा सामना रंगला की सगळ्यांचे डोळे चढाईपटूवर खिळतात. आज थोडं पंचांकडे पाहू या.

सामन्याला एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहाय्यक गुणलेखक असतात. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. दोन्ही पंच समोरासमोरच्या बाजूंना उभे राहतात आणि चढाईबरोबर सरकतात. एकाच्या नजरेआड गेलेला हात दुसऱ्याला दिसावा, हा त्यामागचा विचार.

चढाई जेमतेम ३० सेकंदांची. तेवढ्यात दम सुटला का, निदानरेषा ओलांडली का, हे पाहायचं. बोनस ठरवणं तर फारच बारकाईचं काम. समोर सहा किंवा सात खेळाडू हवेत, एक पाय बोनसरेषेपलीकडे टेकलेला हवा आणि त्याच क्षणी मागचा पाय हवेत हवा. हे रेषेच्या सरळीत उभ्या असलेल्या पंचालाच नीट दिसतं. अंतिम रेषेबाहेर कोण गेलं, यावर सहाय्यक गुणलेखकांचं लक्ष असतं.

तेव्हा मंडळी, गर्दी कितीही झाली तरी रेषेला खेटून उभे राहू नका. पंचांची वाट मोकळी ठेवा. निर्णय अचूक होण्यासाठी ती गरजेची आहे.